मधल्या टेबलावरची कोळीण

बेलापूरच्या त्या बारमध्ये मी आयुष्यात एकदाच गेले. तेही भर दुपारी, आणि एका कोळणीच्या सोबतीला. बारचं नाव लिहीत नाही. तो अजून चालतो, चालू दे. मला भांडण उकरून काढायचं नाही. ती कशी बसली होती, तेवढंच मला सांगायचंय. कारण माणूस असंही बसू शकतं, हे मी त्या दिवसापर्यंत पाहिलं नव्हतं.

ती म्हणजे आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी, बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमचे हे मार्केटला माथाडी, कांद्याच्या गोणी पाठीवर वाहायचे. नेरूळला राहायला आलो तेव्हा मला खाडीची मासळी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आमच्याकडे ओढ्याला पाणी आलं की बोटाएवढे मासे मिळायचे, ते तव्यावर टाकायचे, झालं. या बाईनं मला कल्ले उघडून बघायला शिकवलं, बोंबील पिळायला शिकवलं, आणि कोलंबीतला काळा दोरा एका नखात कसा ओढायचा तेही. मी चुकले की म्हणायची, "डोंगरातली तू बाय, तुला काय ठाव." मी रागवायची नाही. खरंच डोंगरातली मी.

आमच्या सोसायट्या फिरून झाल्यावर तिचं खरं गिऱ्हाईक म्हणजे तो बार. नाही, चुकले. बार आधी, आम्ही नंतर. आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी ती तिथे जिताडा द्यायची. जिताडा म्हणजे या खाडीकाठचा मानाचा मासा. पांढरीशुभ्र जाड तुकडी, लोण्यासारखी. इकडे जावई पहिल्यांदा जेवायला आला की जिताडा. बारच्या मागच्या गल्लीत, सिलिंडरच्या पिंजऱ्याशेजारी एक लोखंडी दार आहे. तिथे टोपली उतरवायची, आतून कोणीतरी येऊन मासळी उचलायची, आणि दार बंद. किती वर्षं, ते तिलाही सांगता यायचं नाही. तिचा थोरला मुलगा रांगत होता तेव्हापासून, म्हणायची. आता त्या मुलाला नातू व्हायचा बाकी आहे.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरनं सांगितलं, टोपली बंद. गणपती होऊन गेले होते. एक दिवस जिन्यात बसून तिनं मला वाटा घालून दिला आणि म्हणाली, "बाय, तुझ्याकडं एक काम हाय."

"काय गं?"

"माझ्यासंगती बारात यायचा हाय."

माझ्या हातातला बोंबील परत टोपलीत गेला.

"कुठे?"

"बारात. माझ्या. इतकी वर्सं त्यांला जिताडा दिला, पन आतमंदी बसून तो कसा लागतो मना ठाव नाय. मना खुर्चीवर बसून खायचा हाय, चार लोकांवानी. एकदा. मंग टोपली उलटी घालीन."

"म्हणजे तू जिताडा खाल्लाच नाहीस कधी?"

"लहानपनी खाल्ला असंल. जिताडा कोन घरी ठेवतं गो? तो इकायचा. आमी चिखलातल्या निवट्या खायच्या, बारकी बोईटं खायची."

"मग गावातल्या कोणाला ने की."

"त्या हसतील. न् पोराला लाज वाटंल, आई बारात जाते म्हनून. तू कोनाजवल बोलत नाय."

मी कोणाजवळ बोलत नाही हे तिला कोणी सांगितलं देव जाणे. पण हो म्हटलं. नाही म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी तिनं शेवटचे तीन जिताडे मागच्या दारानं दिले. एक मोठा, दोन लहान. मग घरी जाऊन दोनदा आंघोळ केली, असं तिनंच मला सांगितलं. एकदा साबणानं, एकदा लिंबू चोळून. दुपारी साडेबाराला बारसमोर मी रिक्षातून उतरले तर ती आधीच उभी. गुलाबी लुगडं, गळ्यात सगळं सोनं, केसांत वेणी. लग्नाला निघाल्यासारखी. मला म्हणाली, "वास येतो काय बग." मी तिच्या खांद्याजवळ नाक नेलं. लिंबाचा आणि सोनचाफ्याचा येत होता. तसं सांगितलं.

आता आमची चूक ऐका. काचेच्या दाराशी गेलो, आत लखलखीत फरशी दिसली, आणि दोघींनी चपला बाहेर काढल्या. ओळीनं, भिंतीकडेला. बारमध्ये चपला घालूनच जातात हे आम्हाला कोण सांगणार? तिला मागचं दार ठाऊक, मला कुठलंच नाही. वॉचमन बघत राहिला. अनवाणी आत शिरलो आणि पायाला फरशी अशी थंड लागली की माझ्या अंगावर काटा आला.

खोटं कशाला बोलू, मी हरखले. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत निळसर अंधार, देवळाच्या गाभाऱ्यासारखा गारवा. काउंटरवर ग्लास उलटे टांगलेले, वटवाघळं लटकावीत तसे, पण चमकणारे. नुकताच हार घातलेला गणपती, उदबत्ती. आणि भिंतीत एवढी मोठी काचेची पेटी, तिच्यात सोनेरी, केशरी, काळेपांढरे मासे. ती तिथेच थांबली.

"यांला कोन खातं?"

"खात नाहीत. बघतात."

"नुसता बगायला मासा?" तिनं काचेला बोट लावलं. एक केशरी मासा बोटाकडे आला. "जिवंत हाय न् याला कोन इकत नाय, कापत नाय. नशीब एकेकाचा."

तेवढ्यात काळ्या जाकिटातला एकजण लगबगीनं आला. त्याला तिथे कॅप्टन म्हणतात, ते मला नंतर कळलं. पस्तिशीचा असेल, दाढी नीट कोरलेली. त्यानं तिला ओळखलं.

"अरे मावशी, मागून. डिलिव्हरी मागून असते ना."

"डिलिवरी सकालीच झाली. आमी जेवायला आयलो."

तो हसला. म्हणजे त्याला खरंच गंमत वाटली. मग आमच्या पायांकडे बघितलं आणि हसू गेलं.

"पार्सल देतो ना मस्त बांधून. इथे कसं, फॅमिली बसते."

"आमी दोघी मंग कोन?" ती म्हणाली.

आतली निम्मी टेबलं रिकामी होती, त्यामुळे जागा नाही म्हणता येईना. त्यानं आम्हाला पार टोकाला नेलं. तिथे हात धुवायचं बेसिन, बाजूला संडासाचं दार, दुसऱ्या बाजूला किचनचं ढकलायचं दार. टेबलावर काच नव्हती, खुर्च्या प्लास्टिकच्या. वेटर लोक जेवायला बसतात ती जागा असावी, कारण एका कोपऱ्यात कोणाचा तरी डबा होता. आम्ही बसलो. तिनं पदर सारखा केला आणि मान ताठ करून सांगितलं, "एक थंड बियर, न् जिताडा. हिला लिंबूसोडा."

"बियर?" कॅप्टननं इकडेतिकडे बघितलं. "मावशी, काय राव. घरी जाऊन प्या ना आरामात."

तो गेला. आमच्या समोरच्या टेबलावर केस आखूड कापलेली एक मुलगी दोन मित्रांबरोबर बसली होती. तिच्यापुढे वेटरनं ग्लास फडक्यानं पुसून ठेवला, तिरका धरून बियर ओतली, फेस बरोबर काठापर्यंत. कोळणीनं ते सगळं शेवटपर्यंत बघितलं. "हात चांगला हाय त्याचा," म्हणाली. बस, एवढंच.

आम्हाला पाणी आलं ते प्लास्टिकच्या पेल्यांत. बाकी सगळीकडे काचेचे ग्लास आणि बंद बाटली. मग एक वेटर हातात सुगंधी फवारा घेऊन आला आणि आमच्याच टेबलाभोवती, दुसरीकडे कुठे नाही, तीन वेळा मारून गेला.  तिनं नाक वर करून हुंगलं.

"मोगरा हाय. चांगला हाय."

त्या प्लास्टिकच्या पेल्याकडे बघताना मला जे आठवलं ते लिहायला हवं, नाहीतर हे सगळं खोटं होईल. नेरूळला आलो तेव्हाचा पहिला उन्हाळा. ती चार जिने चढून आली आणि पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आले आणि वरून ओतलं. तिनं ओंजळ धरली, उंबऱ्याबाहेर बसून प्यायली. कोणी शिकवलं होतं मला तसं? कोणी नाही. आमच्या गावाकडे तसं करायचे, मीही केलं. वर्षभर करत होते. तो फवारा मारणारा पोरगा आणि मी, आमच्यात फरक एवढाच की मी मोगरा मारला नव्हता.

मी तिला म्हटलं, "अगं, तुला आठवतं का, मी पहिल्यांदा तुला पाणी कसं..."

"पितलेचा तांब्या व्हता," ती म्हणाली. "काठाला चेपलेला."

मला वाटलं होतं, म्हणेल आठवत नाही. तीस वर्षं तिनं तो चेपलेला काठ लक्षात ठेवला होता आणि माझ्याच जिन्यात बसून मला बोंबील पिळायला शिकवत होती. मी खाली बघितलं. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "दुसऱ्या वर्साला तूच कपात चाय दिलीस. आता गप बस. लोकं काय खातात बगू दे."

पाऊण तास झाला. आमच्या मागून आलेल्यांची जेवणं आली. मग कॅप्टन स्वतः एक कागदी पत्रावळ घेऊन आला. तिच्यात दोन तळलेले बांगडे.

"घ्या मावशी. शेठकडून. पैसे नाही द्यायचे. खाऊन घ्या पटकन."

तिनं बांगडा उचलला नाही, नुसता बोटानं दाबला. "हा परवाचा. दोनदा बरफात गेलेला." पत्रावळ सरकवून त्याच्याकडे परत केली. आवाज जराही वर गेला नव्हता. "मी मागितला नाय. मी जिताडा मागितला."

"मावशी, भेटतंय ते खा ना."

"फुकट खायला मी देवलात जाईन."

मी हळूच म्हटलं, "सकाळी तुझी मासळी उचलतो तो आचारी ओळखीचा असेल ना? त्याला निरोप दे. तो करेल काहीतरी." मला तिथून उठायचं होतं. 

ती म्हणाली, "वलकीनं खायचा असता तर मागल्या दाराशी डबा घेऊन बसले असते. मना गिऱ्हाईक म्हनून खायचा हाय."

आणि ती उठली. गुडघ्यावर हात रोवून, हळू. मला वाटलं चाललो आता घरी. पण दाराकडे नाही गेली. हॉलच्या बरोबर मध्ये एक गोल टेबल होतं. काचेचं, चार गादीच्या खुर्च्या, वरून एक पिवळा दिवा सोडलेला. अनवाणी चालत ती तिथे गेली, खुर्ची ओढली आणि बसली. मीही मागोमाग गेले. दुसरं काय करणार?

कॅप्टन धावत आला आणि लाकडाची एक पाटी आमच्यापुढे ठेवली.

"हे काय?" तिनं मला विचारलं.

"इंग्रजीत आहे," मी म्हटलं.

"रिझर्व्ह आहे टेबल," तो म्हणाला. "पार्टी येतेय."

"येऊ दे. तोवर मी जागा राखते. बाजारात आमी एकमेकींची राखतो."

आता मी ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. कोळणीचं बसणं म्हणजे काय, हे त्या कॅप्टनला ठाऊक नव्हतं. मलाही ते तोपर्यंत नीट कळलं नव्हतं. तिचा अर्धा धंदा चालून, पण अर्धा बसून. नाक्यावर, फुटपाथच्या कडेला, वीत-दीड वीत जागेवर. पालिकेची गाडी येते, उठ म्हणते. दुकानवाला उठ म्हणतो. सोसायटीचे सेक्रेटरी वास येतो म्हणून उठ म्हणतात. शेजारची कोळीण कोपरानं सरकवते. वर ऊन, खाली वितळलेल्या बर्फाचं पाणी. टोपली रिकामी होत नाही तोवर कोळीण उठत नाही. कारण एकदा उठली की ती जागा गेली. असं बसणं तिच्या अंगात जन्मभर मुरलं होतं. आणि हे लोक तिला गादीच्या खुर्चीवरून, गार हवेतून, उठवायला निघाले होते.

तिनं उजवा पाय खुर्चीवर घेतला, मांडीखाली दाबला, लुगडं नीट केलं आणि बसली. कमरेच्या वर काही हलेना. चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. सकाळी नाक्यावर बसलेली असते तशीच. समोरून कोण येतं, काय घेतं, काय टाकतं, ते बघत. मला भीती वाटत होती, आणि तरीही डोळे तिच्यावरून हलेनात. डोंगर मी लहानपणापासून बघितलेत. तसं काहीतरी वाटलं.

शेजारच्या टेबलावर एक जोडपं होतं. बाईनं नवऱ्याला कानात काहीतरी सांगितलं, नवऱ्यानं कॅप्टनला बोलावलं, आणि क्षणात त्यांची ताटंवाट्या उचलून लांबच्या टेबलावर नेऊन मांडली. "सॉरी मॅडम, सॉरी सर." कोळीण बघत होती. बाईच्या ताटाकडे.

"लहान्याची मधली तुकडी," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

"काय?"

"ती खात होती ती. लहान्या जिताड्याची. रव्यातली."

मला वाटलं असंच काहीतरी बोलतेय. पण मग किचनचं दार ढकलून ताट बाहेर आलं की ती हळूच पुटपुटायला लागली. ही शेपटीकडची. हा सुरमईचा काप, माझा नाय. ही पाप्लेटं बाहेरून गाडीनं आलेली. हे दुसऱ्या लहान्याचं कालवण, पोटाकडचं. अंधार होता, वेटर भरभर जात होते, मला तर ताटात मासा आहे की कोंबडी तेही कळत नव्हतं. आणि ही दहा हातांवरून सांगत होती, कुठल्या माशाचा कुठला भाग, आणि तो तिचा की परका.

कॅप्टननं आमच्याकडे बघायचंच सोडून दिलं. वेटरांनाही सांगितलं असावं. आम्ही तिथे नाहीच असं सगळे वागू लागले. वेटर आमच्या टेबलाला वळसा घालून जायचे. पाणीसुद्धा नाही. मघापर्यंत निदान मावशी तरी होतो. मी दोनदा म्हटलं, "चल गं, माझ्या घरी करू जिताडा. मी आणते कुठूनही." ती किचनच्या दाराकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा म्हणाली, "तू जा बाय. तुझी नातवंडं साळेतून येतील." टोमणा नव्हता तो. खरंच जा म्हणत होती. मी नाही गेले. मला जाववेना.

सव्वातीन झाले. हॉल रिकामा होत आला. पार्टी काही आली नाही. मग कॅप्टन आला, आणि आता त्याचा चेहरा सैल होता, कारण घड्याळ त्याच्या बाजूचं होतं.

"मावशी, साडेतीनला किचन बंद होतं. काय घेणार सांगा. मेनू मोबाईलवर आहे, हे स्कॅन करा." टेबलावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोनी कागद चिकटवलेला होता. त्यावर त्यानं बोट ठेवलं.

तिनं कमरेची पिशवी सोडली, बटणांचा फोन काढला, त्या कागदाशेजारी ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. मीही माझा ठेवला. तोही बटणांचाच.

"तुझ्या मोबाईलवर असंल ना?" ती म्हणाली. "वाच. सगला वाच. आमी ऐकतो."

तो उभा राहिला. काउंटरवरचा माणूस बघत होता, दोन वेटर बघत होते. काय वाटलं कोण जाणे, त्यानं फोन काढला आणि वाचायला लागला. मासळीपासून. पाप्लेट तंदुरी. सुरमई तवा. बोंबील फ्राय. ती प्रत्येकाला मान डोलवत होती, कीर्तनात बसल्यासारखी. कोलंबी कोळीवाडा म्हटल्यावर म्हणाली, "कुठला कोलीवाडा?" तो परत फोनमध्ये बघू लागला. "बरा, फुडं." असं करत तो जिताड्याशी आला. जिताडा रवा, जिताडा कालवण. आणि पटकन म्हणाला, "पण जिताडा संपला."

"नाय संपला."

"मावशी, मी किचनमधूनच आलो. संपला."

"सकाली तीन दिलं," ती म्हणाली, आणि तिनं काचेवर बोटानं तीन मासे काढले, खरंच काढले, लहान, लहान, मोठा. "हा लहाना, याची शेपटी त्या दाढीवाल्यांनी खाल्ली. मधला त्या बाईनं, जी उठून लांब बसली. गल्याकडचा भाग तीन पोरं आलती त्यांनी. डोका कालवनात गेला, खिडकीतल्या म्हाताऱ्याला. हा संपला. हा दुसरा, याचं पोट न् शेपटी कालवनात, ते चष्मेवाले. मधला पार्सल गेला, नेनारा डबा उघडून बगत व्हता, तवा दिसला. डोका बी त्यानंच नेला. हा बी संपला. आता हा मोठा." तिनं मोठ्या माशावर तळवा ठेवला. "याच्या तुकड्या सगल्या गेल्या, बरोबर हाय तुझा. पन डोका बाहेर नाय आला. एवढा मोठा डोका मी बसलेय तोवर या दारातनं गेला नाय. आत हाय. तुमी लोकं संध्याकालच्या कोना सायबासाठी ठेवला असंल."

कॅप्टन काचेवरच्या तिच्या तळव्याकडे बघत होता.  काउंटरवरचा माणूस हातातली पावती धरून तसाच उभा. तिनं काय केलं होतं ते सगळ्यांना हळूहळू कळत होतं. अडीच तास आम्ही तिला उठवत होतो, म्हणजे ते आणि मीही, आणि ती तेवढा वेळ त्यांच्या किचनच्या आत बसली होती. मागच्या दारानं नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्याच कुठल्या तरी.

कॅप्टन किचनमध्ये गेला. दार हलायचं थांबलं. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मी मनातल्या मनात जोतिबाला हात जोडले, एका माशाच्या डोक्यासाठी. ती बसलेलीच.

तो बाहेर आला. टेबलापाशी आला आणि पाटी उचलली.

"डोकं आहे," तो म्हणाला. "पण टाईम लागेल. अर्धा तास."

"मना टाईम हाय."

"आणि ती... बियर आणू?"

तिनं जरा विचार केला. "आता नको. बियरनं पोट भरतं. जागा ठेवते." मग माझ्याकडे हात केला. "हिला सोडा दे. मघापास्नं घाबरून हिचा घसा सुकलाय."

सोडा काचेच्या ग्लासात आला. तिच्यापुढे काचेच्या ग्लासात पाणी आलं. ती प्यायली, ओठ पदरानं पुसले. जिंकल्यासारखं काही नाही. मला वाटलं होतं आता बोलेल काहीतरी, ऐकवेल त्यांना. सबंध हॉलला ओरडून सांगता आलं असतं, शिळा बांगडा काय, गाडीनं आलेली पाप्लेटं काय. गिऱ्हाईक बसलं होतं अजून दोन टेबलांवर. मी तसं कानात म्हटलंही. ती म्हणाली, "ती मानसं माझा जिताडा खातात गो. चांगला हाय तो. खाताना कशाला त्यांचा घास कडू करू."

चार वाजता हंडी आली. पितळेची, झाकणाची. पांढऱ्या बशा, दोन. कॅप्टननं स्वतः झाकण काढलं. लाल-केशरी कालवण, वर कोथिंबीर, आणि मधोमध ते डोकं, माझ्या दोन पंजांएवढं, डोळे पांढरे झालेले. तिनं लगेच हात घातला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसली. मग गालाकडचा मऊ भाग बोटानं सुटा केला आणि आधी माझ्या बशीत ठेवला. मी नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही.

मग तिनं खाल्लं. तीस वर्षं मी तिच्या हातची मासळी खात होते, आणि तिला मासा खाताना कधी बघितलं नव्हतं. हे मला तिथे बसल्यावर कळलं आणि कसंतरीच झालं. चिमटीनं एक पातळ हाड उचलायची, ओठांतून ओढायची, ते पांढरं स्वच्छ होऊन बाहेर यायचं, बशीच्या काठाला लागायचं. परत दुसरं. कुठल्या हाडाखाली काय आहे ते तिला आधीच ठाऊक होतं. घाई नाही. चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही, मी कितीदा खोडलं. लहान मूल पहिल्यांदा काही गोड चाखतं आणि मग गप्प होतं ना, तसं, पण म्हातारं.

मी विचारलं, "कसा आहे?"

तिनं आणखी एक हाड ओठांतून ओढून बशीच्या काठाला लावलं. मग म्हणाली, "लोकं उगाच नाय मागत."

एक वेटर दूरची टेबलं पुसत होता. पंखे बंद झाले, किचनमधला आवाज थांबला. कॅप्टन काउंटरपाशी पाठीमागे हात बांधून उभा होता, आमच्याकडे न बघता. तिनं त्याला हाक मारली नाही, नुसता हात वर केला, बोटं रश्शानं लाल झालेली.

तो आला.

"भात आन," ती म्हणाली.

तो आत गेला. बंद झालेल्या किचनमध्ये परत गॅस पेटल्याचा आवाज आला. भात यायला वीस मिनिटं लागली. तोवर त्यांनी हॉलचे दिवे एकेक करून मालवले, माशांच्या पेटीचासुद्धा. आमच्या डोक्यावरचा तेवढा राहू दिला.